टीबी बरा होऊन आठ वर्षं झाली, सौदीच्या मेडिकलला अडकेन का?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात लिहितो. वय एकतीस, चिपळूणजवळचं गाव, आयटीआय करून एसी टेक्निशियन. २०१७ ला फुफ्फुसाचा टीबी झाला होता, सरकारी दवाखान्यातून सहा महिने गोळ्या पूर्ण घेतल्या, तेव्हापासून ठणठणीत. आता सौदीतल्या कंपनीची ऑफर आलीय आणि एजंट म्हणतोय मेडिकलचं टेन्शन घेऊ नका, मॅनेज करू, फक्त आत्ता साठ हजार भरा. सोबत धाकट्या बहिणीचंही विचारलंय. ती नर्स आहे, चौदाव्या वर्षापासून टाईप वन डायबेटीस, इन्सुलिनवर आहे, पुण्यात जर्मन शिकतेय आणि घरचे सांगतायत की शुगरचं कुठे बोलू नकोस.

मी छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे. बावीस वर्षं झाली प्रॅक्टिसला, त्यातली नऊ वर्षं मुंबईत परदेशी जाणाऱ्यांचं मेडिकल करणाऱ्या एका सेंटरवर एक्स-रे वाचायचं काम केलं. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातली किती पोरं त्या काळात माझ्यासमोर शर्ट काढून मशीनला छाती लावून उभी राहिली याचा हिशोब नाही. म्हणून तुमच्या प्रश्नाला नीट वेळ काढून लिहितोय.

सगळ्यात आधी हे करा. एजंटला एक रुपया द्यायच्या आधी स्वतःच्या पैशाने छातीचा एक्स-रे काढा आणि तो एखाद्या छातीच्या डॉक्टरला दाखवा, लॅबवाल्याने लिहिलेल्या दोन ओळींच्या रिपोर्टवर जाऊ नका. चार-पाचशे रुपयांचं काम आहे. लोक काय करतात, कर्ज काढतात, पासपोर्ट जमा करतात, चालू नोकरी सोडतात, गावात सगळ्यांना सांगून टाकतात की चाललो, आणि मग मेडिकलला जातात. तिथे अनफिट पडले की सगळंच एकदम अंगावर येतं. मला आठवतंय गुहागरकडचा एक मुलगा, रिपोर्ट ऐकून बाहेरच्या बाकावर तीन तास बसून होता, घरी फोन करायची हिंमत होत नव्हती त्याची. त्याने जर महिनाभर आधी गावात एक्स-रेची एक फिल्म काढली असती तर त्याच्या बापाने जमीन गहाण टाकली नसती, एवढंच मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

आता डागाचं समजून घ्या. टीबी बरा होतो तेव्हा फुफ्फुसातली जखम भरते, आणि हाताला कापलेलं भरलं की जशी खूण राहते तशी आतही कधी कधी खूण राहते. कुणाला वरच्या भागात रेषा राहतात, कुणाला कॅल्शियमचा पांढरा ठिपका, कुणाचं फुफ्फुसाचं आवरण जाड होतं. आणि कित्येकांची फिल्म एकदम स्वच्छ होते, शोधून पण काही सापडत नाही. या खुणेत जिवंत जंतू नसतात, त्याच्यापासून बायकापोरांना किंवा रूममेटला काही होत नाही. वैद्यकीय दृष्टीने तुम्ही बरे झालेले आहात, याबद्दल शंका घेऊ नका.

पण गल्फचा नियम हे बघत नाही. सौदी, यूएई, कुवेत, कतार, ओमान, बहरीन या सहा देशांनी मिळून कामगारांच्या मेडिकलचे समान नियम ठरवलेत. पूर्वी ज्याला आपल्याकडे सगळे गामकाची स्लिप म्हणायचे तेच आता वाफिद नावाच्या ऑनलाईन सिस्टीमवर चालतं, तिथे अपॉइंटमेंट घ्यायची, मान्यता असलेल्या सेंटरला जायचं, रिझल्ट थेट सिस्टीममध्ये चढतो. कतारचं थोडं वेगळं आहे, त्यांची मुंबई धरून भारतात सात शहरांत स्वतःची व्हिसा सेंटर आहेत, बायोमेट्रिक, मेडिकल आणि कॉन्ट्रॅक्टवर सही हे सगळं तिथेच होतं. तर या नियमांत टीबी म्हणजे फक्त चालू टीबी नाही, एक्स-रेवर जुन्या टीबीची खूण दिसली तरी ते अनफिट धरतात. मला हा नियम पटत नाही, तेव्हाही पटत नव्हता, बरा झालेला माणूस कामाला पूर्ण लायक असतो. पण मी सही करणारा होतो, नियम करणारा नव्हतो, आणि तुम्हाला खोटी आशा लावून साठ हजार घालवायला लावणं हे त्या नियमापेक्षा वाईट होईल.

म्हणून सगळं तुमच्या फिल्मवर अवलंबून आहे. फिल्म स्वच्छ असेल तर पुढे जा. फॉर्मवर किंवा डॉक्टरने तोंडी पूर्वीच्या आजाराचं विचारलं तर खरं सांगा आणि उपचार पूर्ण झाल्याचा कागद पुढे करा. डाग ठळक असेल, म्हणजे वरच्या भागात रेषा ओढल्यासारख्या दिसतायत, फुफ्फुस थोडं वर खेचलं गेलंय, तर गल्फचा नाद सोडा असं मी स्पष्ट सांगेन. पुन्हा पुन्हा मेडिकल देऊन तो डाग जात नाही. आणि बाजारात डाग घालवायची म्हणून जी औषधं, काढे, इंजेक्शनचे कोर्स विकतात ना, त्यातल्या एकानेही डाग जात नाही. भरलेल्या जखमेची खूण आहे ती, तिच्यावर औषध नाही.

मधला प्रकार म्हणजे शंकास्पद. इथे मात्र बरंच काही करता येतं आणि याबद्दल पोरांना कुणी सांगतच नाही म्हणून जरा विस्ताराने लिहितो. छातीच्या एक्स-रेवर कितीतरी गोष्टी डागासारख्या दिसतात ज्या डाग नसतात. गळ्यातला ताईत, चेन, काळा दोरा, शर्टाचं बटण, मुलींची जाड वेणी खांद्यावर आली तर तिची सावली थेट फुफ्फुसाच्या टोकावर, म्हणजे टीबीचा डाग जिथे असतो नेमकी तिथेच पडते. स्तनाग्राची सावली गोल गाठीसारखी दिसते, पुरुषांमध्येही दिसते. श्वास पूर्ण आत घेतला नसेल तर खालचा भाग धुरकट येतो. खांद्याची हाडं बाजूला वळवली नसतील तर ती फुफ्फुसावर येतात. म्हणून मेडिकलच्या दिवशी गळ्यातलं, दंडातलं सगळं काढून ठेवा, बांधून दिलेला गंडा असेल तर घरी देवापाशी ठेवून या, केस वर बांधा, टेक्निशियनने श्वास घ्या म्हटलं की छाती भरून घ्या आणि धरून ठेवा. नुकताच खोकला, ताप, न्यूमोनिया झाला असेल तर लगेच जाऊ नका, न्यूमोनियाची सावली पूर्ण जायला सहा आठवडे पण लागतात. आधी घरच्या पैशाने काढलेल्या फिल्मवर काही शंकास्पद दिसलं तर तुमचा डॉक्टर थोड्या वेगळ्या कोनातून दुसरी फिल्म काढायला सांगेल, गरज पडली तर सीटी स्कॅन, आणि खरंच काही आहे की हाडाची सावली आहे हे तिथेच कळेल. अशा शंकेतून कित्येक पोरं सुटलेली मी पाहिलीत.

आता कागद. तुम्ही सरकारी दवाखान्यातून उपचार घेतलेत हे फार चांगलं झालं, कारण तिथे नोंद असते. ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्हा क्षयरोग केंद्रात जा, उपचार कार्डाची प्रत मागा, निक्षयवर, म्हणजे सरकारच्या टीबीच्या ऑनलाईन नोंदणीत, नोंद झाली असेल तर त्याचा आयडी मागा, आणि उपचार पूर्ण झाले, रुग्ण बरा झाला असं सही-शिक्क्याचं पत्र घ्या. त्यावर गोळ्या कधी सुरू, कधी बंद, कुठल्या गोळ्या, सुरुवातीचा आणि शेवटचा थुंकीचा रिपोर्ट काय, हे सगळं असलं पाहिजे. आणि २०१७ च्या जुन्या एक्स-रेच्या फिल्म घरात कुठे कपाटावर, गादीखाली असतील तर शोधून काढा, त्या सोन्यासारख्या आहेत. कारण नुसत्या एका एक्स-रेवरून डाग जुना की आजार चालू हे ठामपणे सांगता येत नाही. पण २०१७ ची शेवटची फिल्म आणि आजची फिल्म शेजारी ठेवली आणि डाग तसाच्या तसा दिसला तर तो थंड पडलेला आहे हे कुठलाही डॉक्टर मान्य करतो. गल्फला हे कागद कदाचित कामाला येणार नाहीत, पण बाकी जगात याच कागदांवर तुमचं काम होणार आहे, ते पुढे येतंय.

त्याआधी एजंटचं. मॅनेज करू म्हणजे काय करतात हे मी पाहिलंय. एक तर सेंटरमध्ये कुणाला पैसे दिले असं सांगून तुमच्याकडून उकळतात, प्रत्यक्षात काहीच करत नाहीत, तुमची फिल्म चांगली आली तर श्रेय घेतात आणि वाईट आली तर फोन उचलत नाहीत. नाहीतर दुसऱ्या कुणाला तरी तुमच्या नावावर उभं करायचा प्रयत्न करतात. माझ्या काळात एक असाच निघाला होता, कसातरी पार झाला, विमानात बसला. पण गल्फमध्ये पोचल्यावर इकाम्यासाठी, म्हणजे राहायच्या परवान्यासाठी, पुन्हा मेडिकल होतं आणि तिथे पुन्हा एक्स-रे काढतात. तिथे पकडला गेला. तीन आठवड्यांत परत आला तो, अंगावर कर्ज घेऊन. इकडे अनफिट पडलात तर निदान घरात असता. तिकडे अनफिट पडलात तर परदेशात, कफीलच्या, म्हणजे तिथल्या मालकाच्या, हातात पासपोर्ट, खिशात पैसे नाहीत आणि परतीचं तिकीट दुसऱ्याच्या मर्जीवर.

आणि साठ हजार कशाचे ते विचारा त्याला. आपल्या सरकारच्या नियमाप्रमाणे परवाना असलेला रिक्रूटिंग एजंट उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेऊ शकतो, तेही पावती देऊन. सरकारच्या ई-मायग्रेट वेबसाईटवर परवानाधारक एजंटांची यादी आहे, त्यात त्याचं नाव आहे का बघा. नसेल तर तुमच्या छातीच्या एक्स-रेचा प्रश्नच येत नाही, तिथेच थांबायचं.

गल्फच्या मेडिकलमध्ये टीबीशिवाय आणखी काय बघतात तेही लिहितो, कारण आपल्याकडची मुलं यातल्याच एखाद्या गोष्टीवर अडकतात. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी पॉझिटिव्ह आली की सौदी वगैरेसाठी अनफिट. कावीळ बीचे बरेच जण नुसते कॅरियर असतात, लिव्हर उत्तम, त्रास शून्य, तरी रिपोर्ट पॉझिटिव्हच येतो आणि नियम तेवढंच बघतो. यात एक गोष्ट लक्षात ठेवा, कावीळ बीची लस घेतल्यावर दोन-तीन आठवडे ती टेस्ट लसीमुळेच खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. जायचंय म्हणून उत्साहात लस घेऊन आठवड्यात मेडिकलला गेलेला आणि घाबरून पांढरा पडलेला माणूस मी पाहिलाय. लस घ्यायची तर आधीच घ्या आणि मध्ये महिनाभर तरी जाऊ द्या.

बीपी आणि शुगर कंट्रोलमध्ये असेल तर माणूस सहसा अडकत नाही. पण त्या दिवशी मुलं काय करतात, रात्रभर एसटीने किंवा ट्रेनने येतात, झोप नाही, स्टेशनवर दोन चहा, तोंडात तंबाखू, आणि उपाशी बोलावलंय म्हणून बीपीची गोळीही घेत नाहीत. मग १६०-१०० येतं, दुसरं काय येणार. आदल्या दिवशी मुंबईत पोचा, झोपा, बीपीची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्याच. शुगरच्या गोळ्यांचं आधी आपल्या डॉक्टरला विचारा कारण उपाशीपोटी त्या घेतल्या तर चक्कर येऊ शकते. आणखी एक, हल्ली डायबेटीससाठी डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या सर्रास देतात, त्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात, तेच त्यांचं काम आहे. म्हणजे रक्तातली शुगर चांगली असून लघवीत साखर चार प्लस दिसते आणि रिपोर्ट वाचणारा दचकतो. ही गोळी चालू असेल तर चिठ्ठी सोबत ठेवा आणि आधीच सांगा. मुलींनी पाळीच्या दिवसात लघवीची तपासणी देऊ नये, रक्त दिसतं आणि उगाच फेरा वाढतो. आदल्या दिवशी जिममध्ये जोर काढू नका, लघवीत प्रोटीन येऊ शकतं.

आता समजा तुमचा डाग ठळक निघाला. म्हणजे परदेश संपला का, तर अजिबात नाही. देशादेशांचा विचार वेगळा आहे आणि हे एकदा कळलं की निम्मी भीती जाते. गल्फ बघतं खूण आहे का. यूके बघतं आत्ता, या क्षणी, तुमच्यापासून कुणाला टीबी होऊ शकतो का. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड हे तर बघतातच, वर तुमच्या आजाराचा खर्च आमच्या सरकारवर किती पडेल याचा हिशोब करतात. आणि जर्मनीत भारतातून कामाच्या व्हिसावर जाताना सहसा असलं मेडिकलच मागत नाहीत, इन्शुरन्स आहे का एवढं बघतात.

यूकेला सहा महिन्यांपेक्षा जास्त जायचं तर भारतीयांना टीबीची तपासणी बंधनकारक आहे, त्यांनी मान्यता दिलेल्या क्लिनिकमध्येच. एक्स-रेवर डाग दिसला तर ते अनफिट लिहून परत पाठवत नाहीत, थुंकीचे तीन नमुने घेतात आणि कल्चरला लावतात, म्हणजे त्यात जंतू वाढतो का ते बघतात. त्याला आठ आठवड्यांपर्यंत लागतात कारण टीबीचा जंतू हळू वाढतो, त्यात घाई करता येत नाही. निगेटिव्ह आलं की सर्टिफिकेट मिळतं आणि ते सहा महिने चालतं. म्हणून डाग असलेल्या माणसाने ऑफर लेटर हातात आल्यावर शेवटच्या आठवड्यात ही टेस्ट ठेवली तर जॉइनिंगची तारीख चुकते, व्हिसा नाकारला म्हणून नाही तर कल्चर आलं नाही म्हणून. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातही थंड पडलेला जुना टीबी असेल तर प्रवेश देतात, फक्त तिथे गेल्यावर आरोग्य खात्याला जाऊन भेटायची अट घालतात, आणि ती अट पाळा, पोचल्या पोचल्या फोन करा. इथेच ते २०१७ चे कागद लागतात. तुमच्या ट्रेडसाठी यूकेपेक्षा मी जर्मनीकडे बघायला सांगेन. महाराष्ट्र सरकारने २०२४ च्या फेब्रुवारीत जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केलाय, तुमच्यासारख्या आयटीआयवाल्यांना डोळ्यासमोर ठेवून. भाषा शिकावी लागेल, वर्ष-दीड वर्ष जाईल. पण घरात बहीण जर्मन शिकतेय, शिकवणी घरातच आहे, हे किती जणांना मिळतं.

बहिणीचं आता. तिची बाजू तुमच्यापेक्षा सोपी आहे आणि घरच्यांनी ती उगाच अवघड करून ठेवलीय, राग मानू नका. जर्मनीच्या व्हिसासाठी डायबेटीस आहे का हा मुद्दाच येत नाही. नर्स म्हणून तिथे तिच्या पदवीला मान्यता घ्यायची तेव्हा डॉक्टरचा दाखला लागतो की ही व्यक्ती हे काम करायला आरोग्याने योग्य आहे. टाईप वन डायबेटीस, इन्सुलिन चालू, शुगर आवाक्यात, हे या दाखल्याच्या आड येत नाही. नोकरीत लागल्यावर कंपनीचा डॉक्टर तपासतो, पण त्याच्यावर गुप्ततेचं बंधन असतं, तो मालकाला फक्त योग्य आहे की नाही एवढं सांगतो, आजाराचं नाव सांगत नाही.

इन्शुरन्सचं मात्र नीट वाचा. जर्मनीत दोन प्रकार आहेत, सरकारी पद्धतीचा आणि खाजगी. सरकारी पद्धतीच्या फंडात नोकरी करणाऱ्याला आधीच्या आजारावरून नाकारत नाहीत, हप्ताही आजार बघून वाढत नाही. पगाराच्या १४.६ टक्के आणि वर फंडाप्रमाणे थोडा जादा असा तो असतो, त्यातला निम्मा मालक भरतो. इन्सुलिन, स्ट्रिप्स, आणि इन्सुलिन घेणाऱ्यांना हाताला लावायचा शुगरचा सेन्सर पण यातून मिळतो, औषधामागे ५ ते १० युरो आपण द्यायचे. खाजगीवाले आरोग्याचे प्रश्न विचारतात, डायबेटीस ऐकून नाही म्हणू शकतात. कुणी एजंट स्वस्त पडेल म्हणून खाजगी गळ्यात मारत असेल तर तिने घेऊ नये. दुसरी फट अशी, की नोकरीचा पहिला दिवस येईपर्यंत व्हिसासाठी जो तात्पुरता ट्रॅव्हल इन्शुरन्स काढतात त्यात आधीपासूनचा आजार सहसा धरत नाहीत. म्हणून तीन महिन्यांचं इन्सुलिन सोबत हवं. विमानात ते हातातल्या बॅगेत ठेवायचं, चेक-इनच्या बॅगेत अजिबात नाही, खाली गोठलं तर वाया गेलं. सोबत डॉक्टरचं इंग्रजी पत्र, त्यात कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव, रोजचं प्रमाण, आणि सुया लागतात हे स्पष्ट लिहिलेलं. जायच्या महिनाभर आधी एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी), डोळ्यांचा पडदा, किडनी आणि पायांची तपासणी करून रिपोर्ट ठेवायचे, तिकडचा डॉक्टर पहिल्याच भेटीत हे मागेल.

नर्सचं आणखी एक, गोवर. जर्मनीत २०२० पासून कायदा आहे, दवाखान्यात काम करणाऱ्या, १९७० नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला गोवराची प्रतिकारशक्ती असल्याचा पुरावा लागतो, म्हणजे दोन डोसची नोंद किंवा रक्ताची तपासणी. आपल्याकडे लहानपणीचं लसीचं कार्ड कुणाकडे असतं सांगा. नसेल तर आत्ताच गोवराच्या एमएमआर लसीचे दोन डोस महिन्याच्या अंतराने घ्यावेत आणि कार्डावर तारीख, बॅच नंबर, शिक्का घ्यावा. तिच्या डायबेटीसपेक्षा हा कागद तिला जास्त अडवेल.

यूकेचा पर्याय तिने ठेवला तर तिथेही डायबेटीसवरून व्हिसा नाकारत नाहीत. बाकीच्यांना वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार भरावा लागतो, नर्सना हेल्थ अँड केअर व्हिसावर तो माफ आहे, आणि इंग्लंडमध्ये इन्सुलिनवर असलेल्यांना औषधं फुकट असतात. कॅनडाचा खर्चाचा हिशोब आहे, २०२५ साली वर्षाला २७,१६२ कॅनेडियन डॉलर ही मर्यादा होती. ऑस्ट्रेलियात ८६,००० ऑस्ट्रेलियन डॉलर, न्यूझीलंडमध्ये ८१,००० न्यूझीलंड डॉलर, पण ही दोन एका वर्षाची नाहीत, बऱ्याच वर्षांची मिळून धरतात. साध्या इन्सुलिनवरच्या, किडनी चांगली असलेल्या माणसाचा कॅनडात खर्च सहसा या मर्यादेच्या खूप खाली राहतो. अडकतात ते डायलिसिसवाले, किडनी बदललेले, फार महागडी इंजेक्शनं चालू असलेले. त्यातही कॅनडा एकदम नकार देत नाही, आधी पत्र पाठवतात की आम्हाला असं असं वाटतंय, तुमचं म्हणणं सांगा, आणि उत्तराला ९० दिवस देतात. ते पत्र म्हणजेच नकार समजून लोक गप्प बसतात. बसू नका, आपल्या डॉक्टरकडून खरा उपचार आणि खरा खर्च लिहून घ्या आणि उत्तर द्या.

लपवायचं का, या तुमच्या आईवडिलांच्या प्रश्नाला माझं उत्तर नाही असंच आहे, आणि ते फक्त प्रामाणिकपणा म्हणून नाही. डायबेटीसने व्हिसा जात नाही, पण फॉर्मवर खोटं लिहिलेलं सापडलं तर जातो. कॅनडात त्यासाठी पाच वर्षं बंदी येते, यूकेत फसवणूक धरली तर दहा वर्षं. जिथे विचारलं नाही तिथे स्वतःहून सांगत सुटायचं नाही, तेवढं पुरे. आणि तिच्या तब्येतीचं बघा, रात्रपाळीत शुगर एकदम खाली गेली तर शेजारच्या सिस्टरला माहीत असायला हवं की हिला आधी साखर द्यायची. गुपित ठेवलं तर त्या क्षणी कुणाला कळणार.

औषधांबद्दल तुमच्यासाठी एक शेवटचं, फिल्म स्वच्छ निघाली आणि सौदी किंवा दुबईला गेलात तर. आपल्याकडे औषधाच्या दुकानात सहज मिळणारं कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रामाडोलची दुखण्याची गोळी, झोपेची अल्प्राझोलाम, ही तिकडे नियंत्रित औषधं आहेत, आधी परवानगी नसेल तर एअरपोर्टवरच पोलिसांचं प्रकरण होतं. मावशीने किंवा शेजाऱ्याने कुणासाठी तरी पुडी दिली तर उघडून बघितल्याशिवाय बॅगेत टाकू नका, आणि त्यात औषध असेल तर नकोच म्हणा.

तर या आठवड्यात तुम्ही एक्स-रे काढा आणि त्याच फेरीत ग्रामीण रुग्णालयात टीबीच्या खिडकीवर जाऊन उपचार कार्डाची प्रत मागा. आठ वर्षांपूर्वीचं रजिस्टर शोधायला वेळ लागतो, पहिल्या दिवशी नाही म्हणतील, लेखी अर्ज देऊन पोच घ्या आणि आठवड्याने परत जा. बहिणीला तोवर गोवराचा पहिला डोस घ्यायला सांगा.